जासूसवाला पीस

माझे बाबा सेलूच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आणि माझा मामाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. शाळा सोडल्यावर तो गावात नुसता हिंडायचा, म्हणून आईने त्याला आमच्याकडे आणून ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "तुमच्यासंगं नेत जा त्याले, कायतरी शिकन." बाबांनी शिकवलं. थोड्याच दिवसांत मामा असा वाजवू लागला की वरातीतली माणसं नवरदेवाला सोडून त्याच्याकडे बघत चालायची.

नव्वदचं दशक तेव्हा नुकतं लागलं होतं. बँडकडे एक जुना पीस होता. बाबांच्या तरुणपणी हिंदी सिनेमात जासूस फार असायचे. लांब कोट, काळा चष्मा, वर केलेली कॉलर, आणि मागे गिटारची दबकी चाल, बोंगो, मधेच किंकाळीसारखा ट्रम्पेट. अशा दोन-तीन सिनेमांतले तुकडे जोडून बँडच्या मास्तरांनी तो पीस बसवला होता. सगळे त्याला जासूसवाला म्हणायचे. त्यात मधे सवाल-जवाब होता. एका ट्रम्पेटने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

बाबांच्या डोक्यातून एक गंमत निघाली. तो पीस सुरू झाला की मामाने हळूच रांगेतून निसटायचं आणि कुठेतरी लपायचं. कुणाच्या ओट्यामागे, चिंचेच्या झाडावर, उभ्या ट्रकच्या मागे. इकडे बाबांनी सवाल फुंकायचा. सगळा बँड गप्प व्हायचा. लोक इकडेतिकडे बघायचे. आणि मग भलत्याच दिशेने जवाब यायचा. लोक टाळ्या पिटायचे, पोरं त्या आवाजाच्या मागे धावायची, म्हातारे माना वर करून झाडं धुंडाळायचे. मामा जवाब द्यायला मुद्दाम उशीर करायचा. बाबा चिडायचे तर म्हणायचा, "लोकायले तरसू द्या ना भाऊजी! त्याच्यातच तं मजा हाय."

घरीसुद्धा तो हेच करायचा. आई अंगणात भांडी घासत असली की न्हाणीमागून एकदम ट्रम्पेट वाजवायचा. आई दचकून हातातला गडू टाकायची आणि राखेच्या हातानेच त्याच्या मागे धावायची. मी तेव्हा लहान होते, पण आई तशी धावायची हे मला पक्कं आठवतं. नंतर मी तिला कधी धावताना पाहिलं नाही.

पुढचं जे सांगते तेव्हा मी तिथे नव्हते. बँडमधल्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी जे सांगितलं त्यातून ते माझ्याजवळ जमा झालं आहे, आणि इतकं जमा झालं आहे की आता मी तिथे नव्हते हेच मला खरं वाटत नाही.

लग्न वडनेरला होतं. नवरदेव केळझरचा, नवरी वडनेरची. उन्हाळ्याचे दिवस, दिवस मावळत आलेला. वरात नवरीच्या गल्लीत शिरली तशी जासूसवाल्याची फर्माईश झाली. मामा निसटला. बाबांनी सवाल फुंकला. मामाने जवाब दिला, कुठून तरी उंचावरून. लोक खूश झाले. बाबांनी दुसरा सवाल फुंकला, आणि त्याच वेळी गल्लीतली लाइट गेली.

लाइट जाण्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. ती रोजच जायची. वरातीसोबत गॅसबत्त्या होत्या. उलट अंधारात तो पीस जास्तच रंगला. बाबांनी पुन्हा सवाल फुंकला. जवाब नाही. लोक हसू लागले. कुणी म्हणालं, "पक्का जासूस हाय लेकाचा!" बाबांनाही वाटलं, पोट्टा आज जास्तच तरसवून राह्यला. त्यांनी आणखी एकदा फुंकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबा थांबले, पुन्हा फुंकला. साइड ड्रमवाला सांगायचा की त्या वेळी बाबांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे बदलले होते.

नवरीच्या घरासमोर एका अर्धवट बांधलेल्या घराचा स्लॅब होता. त्याच्यावरून विजेची तार गेली होती, हात वर केला की लागेल अशी. मामा तिथे सापडला. दुसरा जवाब द्यायला त्याने ट्रम्पेट वर उचलला असणार.

आईने बाबांना कधी बोल लावला नाही. कुणी काही म्हणालंच तर "त्याचं तेवढंच होतं" एवढं बोलून ती उठून जायची. पण घरात रेडिओ लागला आणि त्यातून गिटारची तशी एखादी चाल सुरू झाली की ती हात पुसत यायची आणि बटण बंद करायची. बाबा समोर बसलेले असायचे. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. मी मधे अभ्यासाला बसलेली असायची आणि मला वाटायचं, आता कुणीतरी काहीतरी बोलणार आहे. कुणी बोलायचं नाही.

बाबांनी बँड सोडला नाही, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. मास्तरांनी मात्र जासूसवाला बंद केला. पण बाबांना एक सवय लागली. जेवताना, चप्पल घालताना, सायकलला टेकून उभे असताना ते मधेच थांबायचे. मान थोडी तिरपी करायचे. जरा वेळाने पुन्हा हातातलं काम सुरू करायचे. मी लहानपणी विचारायची, "काय झालं बाबा?" ते म्हणायचे, "काई नाई." मोठी झाल्यावर मी विचारणं सोडलं. ते कशासाठी थांबतात हे मला कळलं होतं, आणि कळल्यापासून मीही त्यांच्यासोबत तेवढा वेळ श्वास धरून राहू लागले.

अशी वर्षं गेली. मी वर्ध्याच्या कॉलेजात जाऊ लागले, सेलूहून बसने जाऊन-येऊन. आणि तेव्हाच ते सगळं परत आलं.

कुठून आलं, का आलं, मला कळलं नाही. रिमिक्सच्या सीड्या आल्या होत्या आणि जुनं जे काही होतं ते लोकांना एकदम आवडू लागलं होतं. त्यातही जासूसांचं संगीत. टीव्हीवर बिस्किटाच्या जाहिरातीत लांब कोटातला माणूस बिस्किट चोरायचा आणि मागे तीच दबकी गिटार. बातम्यांमध्ये कुठल्या घोटाळ्याचा उलगडा सांगायचा असला की तेच बोंगो. बसमध्ये कुणाच्या खिशातला मोबाइल किंचाळायचा तोही तसाच. आमच्या गल्लीत गिट्टी टाकायला येणाऱ्या टेम्पोला मागे घेताना वाजणारी एक धून होती. ती आधी देवाच्या आरतीची होती, मग एक दिवस ती बदलली आणि टेम्पो जासूसवाला वाजवत उलटा उलटा आमच्या दाराशी आला. आई शेंगा निवडत बसली होती. ती उठली नाही. उठून बंद करायला तिथे बटण नव्हतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला त्या वर्षी 'रेट्रो' ठेवलं होतं. पोरं वडलांचे कोट घालून आली होती, पोरींनी डोक्याला रुमाल बांधले होते. पुठ्ठ्याची पिस्तुलं. स्टेजवर लाल-हिरवे दिवे फिरत होते. दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर होते आणि त्या रिमिक्समध्ये काहीतरी करामत होती. ट्रम्पेट एका स्पीकरमधून वाजायचा आणि मग दुसरा, दुसऱ्या बाजूच्या स्पीकरमधून. मी मैत्रिणींबरोबर मधे उभी होते. डावीकडून सवाल आला. माझा श्वास थांबला, सवयीने. आणि उजवीकडून जवाब आला, लगेच, जराही न थांबता.

मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं. मैत्रीण मागे आली. "काय झालं व? चक्कर आली का?"

"हाव," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? त्या पोरांना तो नाच होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कधी न पाहिलेला तो स्लॅब आला होता, आणि मी मान वर करून सभागृहाच्या छतावर कुणी आहे का ते बघत होते.

बँडचे दिवस तोवर वाईट आले होते. लोक डीजे बोलवायचे. बँड ज्यांना हवा होता त्यांनाही तो हौसेपुरता, जुन्या काळाची मजा म्हणून हवा होता. आणि सुपारी द्यायला आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारायचा, "जासूसवालं येते ना तुमाले?" मास्तर थकले. एक दिवस बाबांना म्हणाले, "किती दिवस नाई म्हनू गा? पोट्टे घरी बसून राह्यले."

"वाजवा तुमी," बाबा म्हणाले. "मी नाई वाजवनार. मी तेवढा वेळ बाजूले उभा राह्यतो."

तेव्हापासून तसंच ठरलं. तो पीस सुरू झाला की बाबा रांगेतून बाहेर यायचे आणि पाणी प्यायचे. सवाल-जवाबाची जागा एक नवीन माणूस एकटाच वाजवायचा, दोन्ही बाजू. मी एकदा ते पाहिलं. आमच्याच वस्तीतली वरात होती. बाबा गडवा तोंडाला लावून उभे होते, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं, आणि डोळे आजूबाजूच्या घरांच्या माथ्यांवरून फिरत होते. एकेक घर. एकही न सोडता.

मग ती बाई आली.

सेलूला स्टँडजवळ बँडची एक छोटी खोली होती. वाद्यं तिथेच ठेवलेली असायची. मी कॉलेजला जाताना बाबांचा डबा तिथे द्यायची. त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा एक जोडपं बाकावर बसलं होतं. नवरा चाळिशीच्या आसपासचा, बायको त्याहून लहान, डोक्यावर पदर. दिराच्या लग्नासाठी बँड ठरवायला आले होते. मास्तरांनी नेहमीचं सांगायला सुरुवात केली. कोट नवे आहेत, कॅसिओ आहे, आजकाल चालतंय ते जासूसवालंही वाजवू.

"ते नको," बाई म्हणाली.

मास्तर हसले. "काऊन बाई? आता तं सारे तेच मांगते."

"बाकी काईबी वाजवा. ते नको." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "माय होती तोवर आमच्या घरी बँडचं नावच नोतं. आता लहान भावाचं लग्न हाय, तो आयकत नाई. म्हनून आलो. पन ते नको."

बाबा कोपऱ्यात ट्रम्पेट पुसत बसले होते. त्यांचा हात थांबला. "कुठचे तुमी?"

"केळझरचे."

"सासरवाडी?"

"वडनेर."

बाबा उठले, त्या बाईसमोर आले आणि खाली जमिनीवरच बसले. बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमी त्यायचे भाऊ का?" तिने विचारलं.

"भाऊजी," बाबा म्हणाले. "माह्या बायकोचा भाऊ होता तो."

"हायेत का त्या? बाई?"

"हाय."

"मले त्यायले एक सांगाचं हाय. मी कवाची सांगन म्हंते, पन कोनाले सांगू, कुठं जाऊ, बँड कुठचा तेबी मालूम नोतं."

मला वाटलं होतं आई जायला नाही म्हणेल. बाबांनी घरी येऊन भीत भीत सांगितलं. आईने सगळं ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "कवा जाचं?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं केळझरला गेलो. दुपारची वेळ होती. देवळाकडे जाणाऱ्या लोकांची बसमध्ये गर्दी होती आणि आई खिडकीशी बसून बाहेर बघत होती.

त्या बाईचं घर गावाच्या मधोमध होतं. तिने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि आईच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. मग खाली बघत सांगू लागली.

"मले नटवून वरच्या खोलीत बसवलं होतं. वरात आली तशा साऱ्या पोरी पाहाले धावल्या. मी एकटीच होती. खिडकीतून समोरचा स्लॅब दिसे. त्याच्यावर ते चढले. लाल कोट होता. वाकून वाकून, मांजरीसारखे. वर आल्यावर त्यायले मी दिसली. नवरी हाय हे समजलं असन. तं त्यायनं असं केलं." तिने ओठांवर बोट ठेवलं. "सांगू नको कोनाले, असं. आनि हासले. मलेबी हासू आलं. मी पदर तोंडात घातला."

आई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मंग त्यायनं वाजवलं. लोकायचा गलका झाला. मले गंमत वाटली, का मलेच मालूम हाय कुठं हायेत ते. मंग लाइट गेली. भांडं पडल्यावानी आवाज आला. मले वाटलं लपले. खाली तुमी वाजवतच होते, वाजवतच होते, आनि मी गप्प बसली. मले सांगू नको म्हनलं होतं ना. मंग लोकं शोधाले लागले, तवा बी नवरीनं कसं बोलाचं... मी उशिरा सांगितलं. लय उशिरा. सासू म्हने तुह्या पायानं झालं. मी मनात म्हनो, पायानं नाई, तोंडानं झालं. बोलली असती तं वाचले असते."

ती रडत नव्हती. हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हटलं असेल की त्यातलं रडू कधीच संपून गेलं होतं.

बाबा दाराजवळ बसले होते. ते म्हणाले, "नाई बाई. डॉक्टरनं सांगितलं होतं मले. आवाज आला तवाच तो गेला होता. तू तवाच वरडली असती तरी काई होनार नोतं."

आईने झटक्याने मान वळवली. "हे तुमी मले कवा सांगितलं नाई."

"तू इचारलं कवा?"

"मी काय इचारू? मले वाटे तुमी वाजवत राह्यले, तोवर तो वर..."

बाबांनी हात जमिनीवर टेकले. "मलेबी तेच वाटे," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं, तरी वाटे. आताबी वाटते."

मी माझ्या आईबाबांना पहिल्यांदा मामाबद्दल एकमेकांशी बोलताना ऐकत होते, आणि तेही एका परक्या घरात. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवेना.

बऱ्याच वेळाने आईने त्या बाईचा हात आपल्या हातात घेतला. "कसा हासला तो?" तिने विचारलं. "दात दिसले का? त्याचा एक दात तुटका होता."

"हाव," बाई म्हणाली. "दिसला."

तेव्हा आई रडली. जोरात, लहान मुलीसारखी. तिच्या भावासाठी ती इतकी कधी रडली असेल तर मी ते पाहिलेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आई बोलत राहिली. मामा लहानपणी कसा विहिरीत उड्या मारायचा, तो दात कुणाच्या बोराच्या झाडावरून पडून तुटला, आजोबांनी त्याला कसं मारलं आणि तिने त्याला धान्याच्या कोठीत कसं लपवलं. मी यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. बाबा मधे मधे हुंकार देत होते. एका वळणावर बस थांबली, कुणाचा तरी मोबाइल वाजला, तोच पीस. आई थांबली, त्या माणसाने फोन उचलला, आणि आईने जिथे सोडलं होतं तिथून गोष्ट पुढे सुरू केली.

सगळं सुटलं असं म्हणणं खोटं होईल. बाबा अजून मधेच थांबतात, मान तिरपी करतात. आता त्यांचं वय झालं, ट्रम्पेट फुंकायला दम उरला नाही, बँडची खोलीही गेली. तिथे मोबाइलचं दुकान आहे. लोकांना जासूस आवडेनासे झाले, दुसरं काहीतरी आलं. मला मात्र एखाद्या रिकाम्या दुपारी, कुठेही काही वाजत नसताना, दुसऱ्या सवालानंतरची ती जागा ऐकू येते. कुणीतरी फुंकून थांबलं आहे आणि गल्लीतली माणसं हसत आहेत.

त्या दिवशी केळझरहून घरी पोहोचल्यावर आई चुलीशी गेली, पण स्वयंपाकाला लागली नाही. नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "त्या रातीच्यानं तिले कोनं जेवाले तरी देल्लं असन का व? उपाशी पोटी बसवते नवरीले."

मी म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी काय ते?"

"तरी," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या, पितळी डब्यात भरल्या आणि एकटीच केळझरच्या बसमध्ये बसली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली ती?

"काई नाई," आई म्हणाली. "खाल्ल्या. मी बसली होती तिच्यासमोर. म्हनलं, आनखी घे."